दलाल नेमका कुणाचा माणूस?

मागच्या वेळी या सदरात मी एका ओळीत लिहून गेले होते की जागेच्या एजंटला पहिल्यांदा भाव विचारू नका, आधी "तुम्ही कुणाकडून?" ते विचारा. त्या एका ओळीवर एवढे प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर त्यावरच काढतेय. नवीन वाचकांसाठी सांगते, मी सोलापूरची, सोळा वर्षं जागांची दलाली केली, आता फक्त दस्त लिहून देते, त्यामुळे या धंद्यातले डाव माहिती आहेत, माझे स्वतःचे धरून. पत्रं कापून-छाटून घेतलीत आणि नावं काढलीत.

प्रश्न: ताई, आमच्या वडलांचा होटगी रोडच्या आतल्या बाजूला प्लॉट होता. ओळखीच्या एजंटला विकायला सांगितला, लेखी काही नाही. तो सहा महिने "मामा, मार्केट लई डाऊन आहे" म्हणत राहिला आणि शेवटी १८ लाखाचं गिऱ्हाईक आणलं. खरेदी झाली, त्याने १ टक्का दलालीही घेतली. आता कळतंय की ते गिऱ्हाईक म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा, आणि वर्षाच्या आत तोच प्लॉट २७ लाखाला तिसऱ्याला विकला. एजंट म्हणतो, सही मामांनी केली, मी काय हात धरला होता का. (भवानी पेठ)

उत्तर: "सही तुम्हीच केली" हे वाक्य रजिस्टर ऑफिसच्या बाहेर रोज ऐकू येतं आणि ऐकणारा माणूस तिथंच गार पडतो, पण इथं सहीचा प्रश्नच नाहीये, सहीच्या आधी त्याने तुमच्या वडलांना काय सांगितलं नाही त्याचा प्रश्न आहे.

आपल्याकडे एजंट आणि मालक यांचं नातं १८७२ च्या करार कायद्यात आहे, कलम १८२ पासून पुढं. त्यात लेखी पाहिजे अशी अट नाही. "बघ रे गिऱ्हाईक" असं तोंडी सांगितलं आणि तो कामाला लागला की तो तुमचा एजंट झाला. पैसे ठरले नसले तरी चालतं, कलम १८५ ने एजंट नेमायला मोबदल्याची गरजच ठेवलेली नाही. आणि एकदा तो तुमचा झाला की त्याला तुमच्या फायद्याचंच बघावं लागतं, स्वतःचा हात मध्ये घालायचा असेल तर आधी तुम्हाला सगळं सांगून तुमची हो घ्यावी लागते.

आता गंमत बघा. त्याच कायद्याच्या कलम २१५ खाली उदाहरण दिलंय, मालकाने एजंटला जागा विकायला सांगितली, एजंटने ती तिसऱ्याच्या नावाने स्वतःच घेतली. दीडशे वर्षांपूर्वी ज्या साहेबाने हे लिहिलं त्याने होटगी रोड बघितला नसणार पण मेहुणा त्याला बरोबर माहिती होता! पुढं म्हटलंय की एजंटने महत्त्वाची गोष्ट बेइमानीने लपवली किंवा व्यवहार मालकाच्या नुकसानीचा झाला, यातलं काहीही एक दाखवता आलं तरी मालक तो व्यवहार नाकारू शकतो. दुसरं उदाहरण अजून भारी आहे, एजंटला मालकाच्या जमिनीत खाण सापडते, तो खाणीचं बोलतच नाही आणि "मलाच द्या की" म्हणून जमीन मागतो. तिथंसुद्धा मालकाला पर्याय आहे, व्यवहार ठेवायचा की मोडायचा. तुमच्या प्लॉटमध्ये खाण नसेल, पण मागून रस्ता येणार हे त्याला माहिती होतं का, २५-२६ लाखाला कुणी आधीच विचारून गेलं होतं का, ते शोधा.

खरं सांगायचं तर प्लॉट परत मिळणं अवघड वाटतं, कारण तो आता तिसऱ्याकडे गेलाय आणि त्या बिचाऱ्याला यातलं काही माहिती नसेल तर कोर्ट त्याला सहसा हात लावत नाही. म्हणून पैशाच्या मागं जा. कलम २१६ म्हणतं की एजंटने मालकाला न कळवता स्वतःच्या खात्यावर धंदा केला तर त्यातून झालेला फायदा मालक मागू शकतो. म्हणजे १८ आणि २७ मधले ९ लाख, त्यातून खरा खर्च वजा. आणि कलम २२० प्रमाणे ज्या कामात एजंटने गैरवागणूक केली त्या कामाची दलाली त्याला मिळत नाही, ते १८ हजारसुद्धा मागा, रक्कम लहान आहे म्हणून सोडू नका, नोटिशीत ती ओळ फार बोचते.

पुरावा हा खरा डोकेदुखीचा भाग. मेहुणा म्हणणार मी स्वतंत्र माणूस, माझ्या पैशाने घेतला. तर बघायचं काय, १८ लाख कुणाच्या खात्यातून आले, २७ लाख आल्यावर कुठं गेले, दोन्ही खरेद्यांचे इंडेक्स टू (रजिस्टर ऑफिसात मिळणारा दस्ताचा उतारा) काढा, साक्षीदार कोण ते बघा (आपल्याकडे लोक इतके आळशी असतात की दोन्ही दस्तांवर तोच साक्षीदार असतो), आणि वडलांच्या फोनमधले मेसेज, कॉल रेकॉर्डिंग काही काही डिलीट करू नका. दस्त रद्द करायच्या दाव्याला हे सगळं कळल्यापासून ३ वर्षांची मुदत असते, तेव्हा "बघू गड्ड्याच्या जत्रेनंतर" करत बसू नका, चांगला दिवाणी वकील गाठा.

प्रश्न: मी मूळचा बार्शीकडचा, नोकरीनिमित्त इथं. घर बघायला गेलो की एजंट माझ्याशी मराठीत गोड बोलतो आणि मालकाशी एकदम तेलुगूत सुरू होतो, मला काही कळत नाही. नंतर समजलं तो दोघांकडून कमिशन घेणार आहे. हे चालतं का? (अशोक चौक)

उत्तर: तेलुगूचं मनावर घेऊ नका दादा, आमच्या घरीपण तेलुगूच बोलतात, अर्ध्या पूर्व भागात तसंच आहे, आणि निम्म्या वेळा ते लोक चहात साखर किती एवढंच बोलत असतात. पण उरलेल्या निम्म्या वेळा काय बोलतात ते मी सांगते, कारण बोलणारी मीच होते.

विजापूर रोडला एक रो हाऊस होतं. घेणारं जोडपं शिक्षक होतं, दोघं माझ्याकडं आले, मी शेंगा चटणी-भाकरी खाऊ घातली, आणि बाईंनी विश्वासाने सांगितलं की ताई, लोन मंजूर आहे, ४५ पर्यंत जाऊ शकतो पण तुम्ही ४० ला बसवा. मी हो म्हटलं. संध्याकाळी मालकांना फोन केला आणि काय बोलले, तर "४५ ची ताकद आहे पार्टीची, दम धरा". का बोलले? दोघांकडून १-१ टक्का होता, व्यवहार लवकर व्हायला पाहिजे होता, आणि भाव वर गेला तर माझंही वर जाणार होतं. साडेचव्वेचाळीसला सौदा झाला. वास्तुशांतीला मालकीणबाई आल्या होत्या, जेवता जेवता सहज बोलून गेल्या की तुमच्या ताईंनी आम्हाला आधीच सांगितलेलं, म्हणून आम्ही खाली उतरलोच नाही. त्या शिक्षिकेने माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही, मला अजून एक पुरी वाढली. दुसऱ्या दिवशी मी त्यांचे ४४ हजार ५०० परत नेऊन दिले, त्यांनी घेतले, आणि परत कधी फोन केला नाही. दलाली मी लगेच सोडली असं काही नाही, पण त्या पुरीची आठवण अजून आहे.

तर चालतं का? दोन्हीकडून दलाली घेणं बेकायदा नाही, अट एवढीच की दोघांना माहिती पाहिजे आणि दोघांची हरकत नको. लपवून घेतलं तर तो चोरटा फायदा, वर सांगितलेल्या कलम २१६ खाली मागता येतो. पण माहिती असलं तरी असा माणूस तुमच्यासाठी काय करू शकतो ते समजून घ्या. घर दाखवेल, कागद आणून देईल, भेट घडवेल, निरोप पोचवेल, आणि चांगला असेल तर प्रामाणिकपणे पोचवेल. तुमच्यासाठी भाव तोडू शकत नाही, कारण तुमचा वाचलेला रुपया मालकाचा गेलेला रुपया असतो आणि त्याने दोघांचंही मीठ खाल्लेलं असतं. म्हणून अशा माणसाला तुमचा शेवटचा आकडा, लोन किती मंजूर, भाड्याचं घर कधी सोडायचंय, यातलं काहीही सांगू नका. गोड बोलला तरी नाही.

आणि आजच त्याला एक व्हॉट्सॲप टाका, असा काहीतरी: "मी तुम्हाला माझ्यासाठी घर शोधायला सांगितलं आहे, दलाली १ टक्का, खरेदीच्या दिवशी देणार. मालकाकडून तुम्ही किती घेणार ते आधी कळवा." उत्तर आलं तर उत्तम, निळी टिक येऊन गप्प बसला तर तेही उत्तरच.

प्रश्न: सैफुलजवळ एक फ्लॅट आवडला, एजंटला ५१ हजार रोख टोकन दिलं, त्याने स्वतःच्या लेटरहेडवर पावती दिली. पंधरा दिवसांनी मालक म्हणतो विकायचा नाही. पैसे मागितले तर मालक म्हणतो माझ्याकडं आलेच नाहीत, एजंट म्हणतो मालकांनीच घे म्हणून सांगितलेलं. दोघं एकमेकांकडं बोट दाखवतायत.

उत्तर: आधी थोडी बोलणी खा. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याच्या वर रोख घेणं इन्कम टॅक्सच्या नियमात बसत नाही, दंड घेणाऱ्याला असतो आणि तो घेतलेल्या रकमेइतका असू शकतो. हे एजंटला शांतपणे आठवण करून दिलं तरी बऱ्याचदा पैसे सुटतात, करून बघा.

आता बोट दाखवण्याचं. मालकाने खरंच घ्यायला सांगितलं असेल तर एजंटच्या हातात पडलेले पैसे मालकाला मिळाल्यासारखेच, त्यांचा आपापसातला हिशोब ते बघतील, एजंटला तर कलम २१८ प्रमाणे ते मालकाकडे पोचवावेच लागतात. मालकाने सांगितलंच नसेल तर एजंटने खोटा अधिकार दाखवून घेतले, मग कलम २३५, नुकसान त्याने भरायचं. म्हणजे दोघांपैकी एक नक्की अडकतो आणि कोण ते तुम्ही सिद्ध करत बसायची गरज नाही, दोघांना एकाच कागदावर नोटीस पाठवा, दोघांची नावं शेजारी शेजारी. मग बघा कसे एकमेकांच्या विरुद्ध लेखी देतात.

पुढच्या वेळी विसार मालकाच्या नावाने चेक नाहीतर ऑनलाइन, पावतीवर मालकाची सही, फ्लॅट नंबर, ठरलेला भाव आणि "मालकाने नकार दिल्यास इतक्या दिवसांत परत" ही ओळ. एजंटची सही साक्षीदार म्हणून घ्या, तेवढीच त्याची जागा.

प्रश्न: एजंटने फ्लॅट दाखवला तेव्हा नळाला धो धो पाणी होतं, "पाण्याचं टेन्शनच नाही" म्हणाला. राहायला आल्यावर कळलं पाणी पाच दिवसांनी येतं आणि बोअर मे महिन्यात आटतो. फसवणूक म्हणून केस होईल का? (जुळे सोलापूर)

उत्तर: अहो, सोलापुरात राहून नळाला पाणी बघून भुललात? हा जुना डाव आहे, पाण्याचा वार बघून गिऱ्हाईकाला बोलवायचं. मी केलेला नाही पण करताना बघितलाय, किचनचा नळ मुद्दाम सोडून ठेवतात, आवाज यायला पाहिजे म्हणून.

कायद्याने एजंटने कामाच्या ओघात केलेली खोटी बतावणी मालकाने केल्यासारखीच धरतात, कलम २३८. तेव्हा "ते एजंट बोलला, मी नाही" असं मालकाला म्हणता येत नाही. पण कलम १९ ला एक अपवाद आहे, साधी चौकशी केली असती तर खरं कळण्यासारखं होतं अशी चुकीची माहिती असेल तर करार मोडता येत नाही. जाणूनबुजून केलेलं कपट असेल तर गोष्ट वेगळी, पण ते सिद्ध करायला लागतं. आणि समोरचा वकील पहिला प्रश्न काय विचारणार, शेजारच्या दारात जाऊन पाणी कधी येतं विचारलं का? ज्या गावात दोन माणसं भेटली की "तुमच्याकडं कधी आलं?" हाच नमस्कार असतो तिथं तुम्ही विचारलं नाही हे जजसाहेबांना पटवणं कठीण. "बोअर बारमाही" असं जाहिरातीत किंवा मेसेजमध्ये लेखी असेल तर मात्र भरपाईला जोर येतो, ते शोधा. तोपर्यंत सोसायटीत मोठी टाकी.

प्रश्न: पौषात एका एजंटने घर दाखवलं, आम्ही नको म्हटलं. चैत्रात मालक स्वतःच भेटले, लाखभर कमी केले, आम्ही घेतलं. आता एजंट २ टक्के मागतोय, नाही दिलं तर बघून घेईन म्हणतो.

उत्तर: आधी हे सांगा, मालक "स्वतःच भेटले" म्हणजे बाजारात भेटले की तुम्ही फोन केलात? मनातल्या मनात सांगा, मला नको.

२ टक्के हा कायदा नाही, रिवाज आहे, १ असतो, २ असतो, भाड्याला एक महिन्याचं भाडं असतं, ठरेल ते. कलम २१९ प्रमाणे वेगळं ठरलं नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय दलाली देणं लागत नाही. पण काम म्हणजे काय? १९५० साली कोलकात्याच्या एका घराच्या दलालीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं, तिथं हे स्पष्ट झालं की घराच्या दलालाचं काम साधारणपणे गिऱ्हाईक आणून उभं करणं एवढंच असतं, मालकाच्या वतीने सौदा पक्का करायचा अधिकार त्याला आपोआप नसतो. (ज्यांना ज्यांना एजंटने "शब्द दिला" म्हणून मालकाशी भांडायचंय त्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.) म्हणजे त्याने तुमची आणि मालकाची गाठ घातली आणि त्याच गाठीतून व्यवहार झाला तर मध्ये चार महिने गेले म्हणून त्याचा हक्क जात नाही.

हक्क कुणाकडं हा वेगळा मुद्दा. तो मालकाचा एजंट असेल आणि तुम्ही कधी काही देतो म्हटलं नसेल तर त्याने मालकाकडं जावं, लाखभर कमी करण्यामागं तेच गणित होतं बहुतेक. तुम्ही पण १ टक्का कबूल केला असेल तर देऊन टाका, त्याने तुम्हाला त्या दारापर्यंत नेलं हे खरंच आहे. "बघून घेईन" ला घाबरू नका, मेसेज जपून ठेवा.

प्रश्न: अक्कलकोट रोडला प्लॉटिंगची स्कीम आहे, एजंट म्हणतो रेरा-बिरा मोठ्या बिल्डरला असतं, आपल्याला नाही.

उत्तर: त्याला म्हणावं तुझा नंबर दाखव. रेरा म्हणजे बांधकाम-प्लॉटिंगचे प्रकल्प आणि एजंट यांच्यावरचा कायदा, तो २०१६ चा, पूर्ण लागू झाला १ मे २०१७ पासून, आणि त्यात प्लॉटिंगपण येतं. जमीन ५०० चौरस मीटरच्या आत असेल किंवा घरं ८ च्या वर नसतील तरच प्रकल्पाला नोंदणीतून सूट. नोंद नसलेल्या प्रकल्पातला प्लॉट विकून देणं एजंटला मनाई आहे, कलम १०, आणि त्याची स्वतःची नोंद नसेल तर दिवसाला १० हजार दंड, वाढत वाढत त्या प्लॉटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. महारेरात, म्हणजे आपल्या राज्याच्या रेरा कार्यालयात, एजंटचा नंबर ए ने सुरू होतो, प्रकल्पाचा पी ने, दोन्ही वेबसाइटवर फुकट बघता येतात, आणि २०२३ पासून एजंटला परीक्षा देऊन सर्टिफिकेटपण घ्यायला लावलंय. विक्रीचा करार रजिस्टर केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही हेही लक्षात असू द्या.

पण लोक इथं एक गल्लत करतात. जुनं घर, रिसेल, भाड्याचा व्यवहार, शेतात पाडलेला एक-दोन गुंठ्याचा तुकडा, यात नोंदणीकृत प्रकल्प नसतो, तिथं रेरा सहसा मदतीला येत नाही आणि मग उरतो तो १८७२ चाच कायदा. "पाचशेच्या बाँडवर नोटरी करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला तर लांबूनच हात जोडा, १०० रुपये आणि त्यावरच्या किमतीची जागासुद्धा रजिस्टर दस्ताशिवाय विकली जात नाही.

प्रश्न: मुलीने अमेरिकेत घर बघायला सुरुवात केली तर एजंटने घर दाखवायच्या आधीच करारावर सही मागितली, ही कुठली पद्धत? (मुरारजी पेठ)

उत्तर: घाबरू नका, तिथं तीच पद्धत झालीय. तिथल्या रिअल्टर लोकांच्या राष्ट्रीय संघटनेवर कमिशनवरून दावे झाले, त्याच्या तडजोडीत १७ ऑगस्ट २०२४ पासून घेणाऱ्याच्या एजंटने घर दाखवायच्या आधी लेखी करार करायचा आणि त्यात आपलं कमिशन आकड्यात लिहायचं असं ठरलं. आधी बहुतेक ठिकाणी विकणाराच दोन्ही एजंटांचे पैसे देत होता आणि घेणाऱ्याला वाटायचं माझा एजंट फुकट आहे. मुलीला म्हणावं मुदत किती दिवसांची आणि कमिशन किती हे दोन रकाने नीट वाच, दोन्हीवर घासाघीस चालते.

प्रश्न: मी स्वतः एजंट आहे ताई, लहान, दोन वर्षंच झाली. एक मालक वाड्याचा हिस्सा विकतोय, वडिलोपार्जित आहे, दोन बहिणींनी हक्कसोड दिलेलं नाही. मला म्हणतो पार्टीला बहिणींचं बोलू नको, तू माझा एजंट आहेस, माझं ऐकायचं. दलाली चांगली आहे, लाखाच्या वर. काय करू? (साखर पेठ)

उत्तर: पोरा, तू विचारलंस यातच बरंच आलं.

मालकाचं ऐकायचं हे खरं, कलम २११, त्याच्या सूचनेप्रमाणे काम. त्याची गुपितंही ठेवायची, त्याला पैशाची नड आहे, मुलाचं लग्न आहे, तो ३८ ला पण देईल, हे पार्टीला सांगायचं नाही, ते सांगितलंस तर तू मी केली तीच चूक करशील. पण बहिणींचा हिस्सा हे गुपित नाही, तो मालकीतला दोष आहे. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि मालकीतली अशी खोट घेणाऱ्यापासून लपवायला मालकालाच परवानगी नाही, तर त्याच्या एजंटला कुठून येणार. उद्या बहिणी कोर्टात गेल्या की मालक पहिलं म्हणणार, मला काय कळतंय, एजंटने सगळं बघितलं.

अजून एक गोष्ट, जी नवीन पोरांना कुणी सांगत नाही. एजंटला कामाच्या ओघात जे कळतं ते त्याच्या माणसाला कळलं असं कायदा धरतो, कलम २२९. तू पार्टीकडूनपण १ टक्का घेणार आहेस ना? मग तू त्यांचाही एजंट, आणि तुला बहिणींचं माहिती होतं म्हणजे कायद्याच्या डोळ्यांत त्यांनाही माहिती होतं. "आम्हाला काहीच कळलं नाही हो, चांगल्या मनाने घेतलं" हा घेणाऱ्याचा शेवटचा आधार असतो, तो तू गप्प बसून काढून घेशील. ती माणसं आयुष्यभराची पुंजी घालणार त्यात.

मालकाला जाऊन सांग, काका, बहिणींची हक्कसोड रजिस्टर करून घ्या नाहीतर त्यांना पण विक्रीत सह्या करायला आणा, हिस्सा द्या, मी बसून बोलणं घडवतो. ओरडेल, दुसऱ्या एजंटकडं जाईन म्हणेल. जाऊ दे. जाताना मात्र त्याला एक मेसेज टाक, आजच्या तारखेचा, की बहिणींची हक्कसोड नाही हे मी तुम्हाला कळवलं आणि तशा स्थितीत मी पार्टी आणणार नाही. तुझ्या पार्टीला कारण सांगायची गरज नाही, एवढंच म्हण की या वाड्याचा वारस-तपास आणि सर्च रिपोर्ट (जुन्या दस्तांची तपासणी) वकिलाकडून काढल्याशिवाय विसार देऊ नका. आणि दुसरं घर दाखव त्यांना, पार्टी तुझ्याकडंच राहील.